नाशिकच्या जमिनीचा ताप आकाशातून मोजताना : उपग्रहांची थर्मल चित्रे पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. तिच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातल्या वेली दर उन्हाळ्यात बाकीच्या बागेच्या आधी मलूल होत. ठिबकच्या नळ्या तपासल्या, माती तपासून घेतली, तरी कारण सापडेना. उपग्रहावरून जमिनीचे तापमान कळते असे वाचल्यामुळे मी त्या बागेचे थर्मल चित्र उतरवायला बसलो. पुढचे काही महिने मी जे नकाशे केले ते जवळजवळ सगळे चुकीचे निघाले. चित्रांत काही दोष नव्हता. ती कशी वाचायची हेच मला ठाऊक नव्हते. त्या काळात जे मला कुणी सांगायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे. नाशिक परिसरातले शेतकरी, कृषी आणि भूगोलाचे विद्यार्थी, तसेच शहराच्या उष्णतेचा अभ्यास करू पाहणारे कार्यकर्ते यांना ते उपयोगी पडावे अशी मनापासून इच्छा आहे.

१. उपग्रह नेमके काय मोजतो ते आधी समजून घ्या

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडत असते. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाची जमीन सर्वांत जास्त किरण सुमारे ९.७ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सोडते, आणि ८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यातले बरेचसे किरण निरभ्र हवेतून वर जाऊ शकतात. म्हणून जमिनीचे तापमान मोजणारे उपग्रह याच पट्ट्यात पाहतात. जंगलातला वणवा मात्र कितीतरी अधिक तापलेला असतो आणि त्याचे किरण ३ ते ५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात ठळक दिसतात; त्यामुळे आगी शोधणाऱ्या उपग्रहांचे कॅमेरे या मध्यम अवरक्त पट्ट्यावर भर देतात.

यातून निघणारी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की उपग्रह हवेचे तापमान मोजत नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किंवा हवामान खात्याने दिलेले नाशिकचे कमाल तापमान हे सावलीतल्या, जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या तापमापकाचे असते. उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभाग, म्हणजे नांगरलेली काळी माती, डांबर, पत्रा, पानांचा वरचा थर. मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास उघडी काळी माती हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहून अधिक तापलेली असू शकते. त्यामुळे ‘उपग्रहाने नाशिकचे तापमान ५० अंश दाखवले’ असे वाक्य कुठे वाचलेत किंवा स्वतः लिहायचा मोह झाला, तर आधी थांबा.

२. आपले शेत किती पिक्सेलचे आहे ते मोजा

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर करायचे हे काम आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. लँडसॅट ८ आणि लँडसॅट ९ या अमेरिकी उपग्रहांच्या थर्मल कॅमेऱ्याचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा आहे. १०० बाय १०० मीटर म्हणजे एक हेक्टर, म्हणजेच जवळजवळ अडीच एकर. वितरित होणारी फाइल मात्र ३० मीटरच्या चौकटीत बसवलेली असते, आणि इथेच नवखा माणूस फसतो. चित्र मोठे करून पाहिले की लहान लहान चौकोन दिसतात आणि प्रत्येक चौकोनाचे तापमान वेगळे मोजले आहे असे वाटते. वस्तुतः तो एका हेक्टरचा सरासरी आकडाच आसपासच्या चौकोनांत मिसळून वाटलेला असतो.

मामांची बाग दोन एकरांची. तिच्या एका बाजूला शेजाऱ्यांचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला मुरमाड पड जमीन. ज्या ‘तापलेल्या कोपऱ्या’वर मी कित्येक संध्याकाळी घालवल्या, त्या पिक्सेलमध्ये बागेपेक्षा पड जमिनीचाच हिस्सा मोठा होता. गट नकाशावर १०० मीटरची चौकट आखल्यावर ते दहा मिनिटांत दिसले, आणि हे काम आधी न केल्याची मला फार चुटपुट लागली.

आपल्या मोजमापात सांगायचे तर ७० मीटरचा पिक्सेल म्हणजे सुमारे सव्वा एकर, ३० मीटरचा खरा पिक्सेल म्हणजे जेमतेम नऊ गुंठे, आणि इन्सॅट उपग्रहांचा ४ किलोमीटरचा थर्मल पिक्सेल म्हणजे तब्बल १,६०० हेक्टर. माझा अनुभव असा, की शेताची रुंदी मूळ पिक्सेलच्या किमान दोन ते तीन पट असल्याशिवाय आतल्या आकड्यावर विसंबू नये. याहून लहान शेतासाठी या चित्रांचा उपयोग होतो तो गावाच्या, पाणलोटाच्या किंवा कालव्याच्या लाभक्षेत्राच्या पातळीवर.

३. साहित्य आणि कागदपत्रे

- क्यूजीआयएस हे मोफत नकाशा सॉफ्टवेअर. आठ जीबी रॅम असलेला साधा लॅपटॉप पुरतो.
- अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावरचे खाते, आणि नासाचे अर्थडेटा खाते. दोन्ही विनाशुल्क मिळतात.
- सातबारावरचा गट क्रमांक आणि महाभूनकाशावरून घेतलेला गट नकाशा. बांधाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश स्वतः जाऊन मोबाइलवर नोंदवा, कारण नकाशावरची आणि जमिनीवरची हद्द नेहमीच जुळते असे नाही.
- हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर, ज्याला बाजारात ‘टेंपरेचर गन’ म्हणतात. उत्सर्जनक्षमता, म्हणजे पृष्ठभाग किती किरण सोडतो त्याचा आकडा, बदलता येईल असाच घ्या.
- काळी इन्सुलेशन टेप. तिचे काम सातव्या पायरीत येते.
- एक वही. पाणी कधी दिले, छाटणी कधी झाली, फवारणी कोणत्या दिवशी केली या नोंदींशिवाय तापमानाच्या नकाशाचा अर्थ लागत नाही.

धरणावर किंवा औद्योगिक वसाहतीत मोजमाप करायचे असेल, तर संबंधितांची लेखी परवानगी आधी घ्या. गन हातात घेऊन फिरणाऱ्याकडे सुरक्षारक्षक संशयाने पाहतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

४. उपग्रह निवडा, आणि लहान उपग्रहांची मर्यादा कशातून येते ते जाणून घ्या

लँडसॅट ८ हा फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि लँडसॅट ९ हा सप्टेंबर २०२१ मध्ये सोडला गेला. प्रत्येक जण दर १६ दिवसांनी त्याच जागेवर येतो, म्हणजे दोघांचे मिळून आठ दिवसांनी एक चित्र. नवख्याने सुरुवात इथूनच करावी, कारण या चित्रांवरचे संस्कार पूर्ण झालेले असतात आणि त्यांच्या चुका नीट नोंदवलेल्या आहेत. दुसरा पर्याय इकोस्ट्रेस. हे उपकरण २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे आणि त्याचा पिक्सेल सुमारे ७० मीटरचा आहे. स्थानकाची कक्षा सूर्याशी बांधलेली नसल्याने ते कधी पहाटे, कधी दुपारी तर कधी मध्यरात्री नाशिकवरून जाते, आणि हाच त्याचा खरा फायदा आहे. मात्र त्याची चित्रे कधीकधी जागेवरून थोडी सरकलेली असतात. गंगापूर धरणाचा काठ जुळतो का हे पाहिल्याशिवाय ती वापरू नका.

आता लहान उपग्रहांविषयी थोडे विस्ताराने सांगतो. लँडसॅट ८ चे वजन अडीच टनांहून अधिक आहे. त्याच्या थर्मल कॅमेऱ्याचे संवेदक यांत्रिक शीतकाने उणे २३० अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात, नाहीतर कॅमेऱ्याची स्वतःचीच उष्णता चित्रात उतरते. बुटाच्या खोक्याएवढ्या उपग्रहात असा शीतक, त्याला लागणारी वीज आणि ती उष्णता बाहेर टाकणारे फलक बसवणे फार अवघड असते. त्यामुळे अनेक लहान उपग्रह मायक्रोबोलोमीटर नावाचा, थंड न करता चालणारा संवेदक वापरतात. तो हलका आणि स्वस्त असतो, परंतु त्याची संवेदनशीलता कमी असते. उपग्रह उन्हातून सावलीत गेला की त्याचे आकडे सरकतात, म्हणून कॅमेऱ्याच्या आत ज्ञात तापमानाच्या पृष्ठभागाकडे पाहून ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

दुसरी अडचण भिंगाच्या व्यासाची आहे आणि तिच्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. किती बारीक दिसेल याची निसर्गाने घातलेली मर्यादा काढायची, तर तरंगलांबीला १.२२ ने आणि उपग्रहाच्या उंचीने गुणून भिंगाच्या व्यासाने भागावे. उंची ५०० किलोमीटर, भिंग १० सेंटिमीटर आणि तरंगलांबी १० मायक्रोमीटर धरली, तर उत्तर येते ६१ मीटर. तेच भिंग दृश्य प्रकाशात सुमारे ३ मीटरपर्यंत बारीक पाहू शकते. म्हणून त्याच आकाराच्या उपग्रहाची रंगीत चित्रे घरे मोजण्याइतकी स्पष्ट असतात आणि थर्मल चित्रे पुसट दिसतात. एवढेसे भिंग असलेल्या उपग्रहाची दहा मीटरची थर्मल चित्रे देतो असे कुणी सांगितले, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

या वाटेची सुरुवात आपल्या देशाशी जोडलेली आहे हे फार थोड्यांना माहीत असते. आगी शोधण्यासाठी जर्मनीच्या अंतराळ संस्थेने बनवलेला, शंभर किलोच्या आत वजनाचा बर्ड हा उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ रोजी आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून नेला, आणि त्याच परंपरेतला बायरॉस हाही जून २०१६ मध्ये तिथूनच गेला. गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आहेत. जर्मनीच्या ओरोराटेकने वणव्यांसाठी मार्च २०२५ मध्ये एकाच उड्डाणात आठ उपग्रह सोडले. कॉन्स्टेलर आणि हायड्रोसॅट यांचा रोख शेतीवर आणि पाण्यावर आहे. ब्रिटनच्या सॅटव्हूचा हॉटसॅट-१ हा जून २०२३ मध्ये गेला, मध्यम अवरक्त पट्ट्यात ३.५ मीटरची चित्रे त्याने पाठवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कॅमेरा बिघडून काम थांबले. एकाच लहान उपग्रहावर दोन-तीन हंगामांचा अभ्यास टांगून ठेवू नये, हे यातून घ्यावे. इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांची तृष्णा ही मोहीम तयारीत आहे. तिचा पिक्सेल ५७ मीटरचा असणार आहे आणि पिकांच्या पाण्याचा अंदाज हे तिचे एक मुख्य काम असल्याने माझे तिच्याकडे विशेष लक्ष आहे.

५. तारीख आणि वेळ जाणीवपूर्वक निवडा

जून ते सप्टेंबर हा काळ बहुतेक वेळा सोडूनच द्या. थर्मल किरण ढगांना भेदून येत नाहीत, आणि पावसाळ्यातल्या नकाशावरचे ‘थंड’ पट्टे हे बहुधा ढगांचे माथे असतात. विरळ ढग याहून घातक, कारण ते रंगीत चित्रात डोळ्यांना जाणवत नाहीत आणि तापमान मात्र दोन-चार अंशांनी खाली ओढतात.

लँडसॅट नाशिकवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. म्हणून निफाडच्या थंडीच्या लाटेचा, द्राक्षमण्यांना पहाटे बसणाऱ्या गारठ्याचा अभ्यास त्याच्या नेहमीच्या चित्रांवरून होत नाही. त्यासाठी इकोस्ट्रेसचे पहाटेचे चित्र शोधावे लागते, किंवा रात्री दीडच्या सुमारास जाणाऱ्या, अमेरिकी हवामान उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या ७५० मीटरच्या नकाशावर समाधान मानावे लागते. रात्रीच्या चित्रात रंग उलटतात हेही ध्यानात असू द्या. दिवसा गार दिसणारे गंगापूर धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय हिवाळ्याच्या पहाटे भोवतालच्या जमिनीपेक्षा उबदार दिसतात.

द्राक्षबागेच्या बाबतीत छाटणी विसरू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर पान उरत नाही आणि उपग्रहाला मांडवाखालची तापलेली माती दिसते. फेब्रुवारीचे भरल्या बागेचे चित्र आणि एप्रिलअखेरचे चित्र शेजारी ठेवून ‘बागेवर पाण्याचा ताण आला’ असा निष्कर्ष मी काढला होता. बागेत पाणी पुरेसे होते, फक्त छाटणी झालेली होती. तुलना करायची तर छाटणीपासून तितक्याच दिवसांवरची दोन वर्षांची चित्रे घ्या.

६. चित्र उतरवा आणि आकड्यांचे अंश करा

अर्थएक्सप्लोररवर नाशिकभोवती चौकोन आखा, तारखा भरा आणि लँडसॅट कलेक्शन २, लेव्हल २ हा संच निवडा. पूर्ण गठ्ठा उतरवण्याची गरज नाही. नावाच्या शेवटी ‘एसटी_बी१०’ असलेली तापमानाची फाइल आणि ‘क्यूए_पिक्सेल’ ही दर्जाची फाइल, एवढ्या दोनच घ्या. लँडसॅट ८ च्या अकराव्या बँडमध्ये (बँड म्हणजे कॅमेऱ्याचा एकेक तरंगलांबीचा पट्टा) बाजूने शिरणाऱ्या प्रकाशाचा त्रास अधिक आढळला होता, त्यामुळे जुन्या लेखांतली दोन बँडची सूत्रे आता नवख्याने वापरू नयेत.

फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडली की ४५,००० किंवा ५०,००० असे आकडे दिसतील. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये त्यांना ०.००३४१८०२ ने गुणा, १४९ मिळवा म्हणजे केल्विन मिळते, आणि त्यातून २७३.१५ वजा करा म्हणजे सेल्सिअस मिळते. पडताळणीसाठी हे दोन आकडे जवळ ठेवा : ४५,००० चे उत्तर २९.७ अंश आणि ५०,००० चे ४६.८ अंश यायला हवे. शून्य हा आकडा तापमानाचा नाही, तिथे माहितीच नाही. तो गाळला नाही तर तालुक्याची सरासरी कोसळते.

त्यानंतर दर्जाची फाइल लावा. तिच्यात २१८२४ म्हणजे निरभ्र जमीन आणि २१९५२ म्हणजे निरभ्र पाणी. सुरुवातीला फक्त हेच दोन आकडे ठेवा आणि बाकी सर्व पिक्सेल झाका. थोडे चांगले पिक्सेलही यात जातील, पण ढगांची चूक आत येणार नाही. एवढे करूनही प्रत्येक आकड्यात एक-दोन अंशांची चूक गृहीत धरावी. दोन शेतांमधला अर्ध्या अंशाचा फरक हा फरक मानू नये.

७. पत्रा, प्लॅस्टिक आणि काठाचे पाणी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीच्या नकाशात मला भर मे महिन्यात काही गार ठिपके दिसले. मी त्यांना झाडी समजलो. प्रत्यक्ष गेलो तेव्हा तिथे नव्या जस्ती पत्र्याची छपरे होती. एका शेडच्या मालकांनी शिडी दिली. पत्र्यावर तळहात टेकवता येत नव्हता, पण गन हवेपेक्षाही कमी आकडा दाखवत होती. मग त्याच पत्र्यावर काळ्या टेपची वीतभर पट्टी चिकटवली, ती तापेपर्यंत थांबलो आणि पुन्हा गन रोखली, तर आकडा वीस अंशांहून अधिक वर गेला. पत्रा तोच, ऊन तेच. चकचकीत धातू स्वतः फार थोडे अवरक्त किरण सोडतो आणि वरच्या थंड आभाळाचे किरण परावर्तित करतो, म्हणून तो गनलाही आणि उपग्रहालाही गार भासतो. किरण सोडण्याच्या या गुणालाच उत्सर्जनक्षमता म्हणतात. पाणी आणि हिरवी पाने यांची ती ०.९८ च्या आसपास, कोरड्या मातीची त्याहून थोडी कमी, आणि चकचकीत धातूची फारच कमी असते. रंग दिलेल्या पत्र्याची मात्र ती चांगली असते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शेड नकाशात वेगवेगळ्या दिसू शकतात. उन्हाने होरपळणाऱ्या कामगारांच्या शेडला कुणी ‘थंड जागा’ ठरवू नये, म्हणून ही गोष्ट मी इतकी सविस्तर लिहिली.

पावसापासून द्राक्षे वाचवण्यासाठी टाकलेले प्लॅस्टिकचे आच्छादन आणि पॉलिहाऊस यांतही अशीच अडचण आहे. पातळ पॉलिथिनमधून थर्मल किरण काही प्रमाणात आरपार येतात, त्यामुळे मिळणारा आकडा ना धड प्लॅस्टिकचा असतो ना पानांचा. अशा बागांची तुलना उघड्या बागांशी करू नका.

धरणाचे पाणी पडताळणीसाठी फार उपयोगी, कारण मोठ्या जलाशयाचे तापमान संथपणे बदलते. पण काठापासून किमान २०० मीटर आतले पिक्सेल घ्या. उन्हाळ्यात गंगापूरचा काठ खूप आत सरकतो, म्हणून मागच्या दिवाळीची सीमारेषा मे महिन्यात चालणार नाही.

८. चित्रे विकत घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा संस्थेला खासगी लहान उपग्रहाची चित्रे घ्यायची असतील, तर नमुन्याच्या रंगीत नकाशावर निर्णय घेऊ नका. मूळ पिक्सेल किती आणि दिला जाणारा पिक्सेल किती, हे दोन्ही आकडे लेखी मागा. दिलेले तापमान हवेचा आणि उत्सर्जनक्षमतेचा परिणाम वजा करून काढले आहे की कॅमेऱ्याला जसे दिसले तसेच आहे, हे विचारा; दमट हवेत या दोहोंत काही अंशांचे अंतर पडते. नाशिकवरून उपग्रह किती वाजता जातो, कॅमेऱ्याचे आकडे कशाशी जुळवले जातात, आणि उपग्रह बंद पडला तर उरलेल्या हंगामाचे काय, याचीही उत्तरे घ्या.

मग नमुन्याची एक फाइल मागून घ्या आणि त्याच दिवसाच्या लँडसॅटशी गंगापूर धरणाच्या मध्यावर ताडून पाहा. दोघांची वेळ तासाभराच्या अंतरात असेल आणि पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांहून अधिक वेगळे येत असेल, तर स्पष्टीकरण मिळेपर्यंत पैसे देऊ नका. ३.५ मीटरचा पिक्सेल ऐकायला मोठा मोहक वाटतो, परंतु नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत त्यातही वेल आणि दोन ओळींमधली माती एकत्रच येते.

९. नकाशाच्या खाली काय लिहायचे

उपग्रहाचे नाव, तारीख, भारतीय वेळ, मूळ पिक्सेल, संचाचे नाव, ढग कसे गाळले आणि रंगपट्टीचे किमान-कमाल आकडे, एवढे प्रत्येक नकाशाखाली लिहा. दोन तारखांच्या नकाशांना एकच रंगपट्टी द्या, नाहीतर सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी आपोआप ताणून ३५ अंशांनाही लाल रंग देते. शीर्षकात ‘तापमान’ असे मोघम न लिहिता ‘भूपृष्ठाचे तापमान’ असे लिहा.

मामांच्या बागेतल्या त्या कोपऱ्याचे कारण शेवटी फावड्याने कळले : दोन फुटांवर मुरमाचा पट्टा लागला. त्यानंतर गावाच्या नकाशावर पाहिले, तर बांधापलीकडच्या पड जमिनीतून तोच तापलेला पट्टा सलग ओढ्यापर्यंत गेलेला होता, आणि आता त्या पट्ट्यावरच्या शेजाऱ्यांच्या दोन बागांमध्ये आम्ही खड्डे घेऊन पाहत आहोत.